काच खाली घ्या

नफिसा मुकादम आमच्या रेडिओ केंद्रावर पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. डोक्यावर ओढणी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला जड कापडी पिशवी. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "रात्री दहाला बासरी लागते, ती कोण लावतं?"

"मीच," मी म्हटलं. "म्हणजे कॉम्प्युटर लावतो. मी त्याला सांगून घरी जाते."

"ती बासरी चौथ्या मिनिटाला उचकी देते. रोज. तीन महिने मी वाट बघते, आज तरी कोणी तिला पाणी पाजेल. कोणी पाजलं नाय. म्हणून खालापुरातून एस्टी पकडून आले."

आमचा 'रेडिओ उंबरा' म्हणजे कर्जतमध्ये एका संस्थेच्या गच्चीवरच्या दोन खोल्या. सामुदायिक रेडिओ. टॉवर बेताचा, आवाज पोचतो बारा-पंधरा किलोमीटर. इकडे खालापूर-खोपोली, एक्स्प्रेसवेचा एक तुकडा, आणि वर घाटात ठाकुरवाडीपर्यंत. दिवसभर आम्ही भातावरचा करपा, लसीकरणाच्या तारखा, बचत गटांच्या मुलाखती असं लावायचो. मी समिधा, केंद्राची समन्वयक, म्हणजे निवेदनापासून केर काढण्यापर्यंत सगळं. रात्री नऊनंतर आपल्याला कोणी ऐकत असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती.

"मग बासरीऐवजी काय लावू?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. आतून सात वह्या पडल्या, दोनशे पानी.

नफिसाचाची अकरा वर्षं टोलनाक्यावर खिडकीत बसल्या होत्या. गाडी यायची, काच खाली व्हायची आणि पैशांच्या आधी आतलं गाणं बाहेर यायचं. पावती हातात देऊन दांडा वर जाईपर्यंत आठ-दहा सेकंद. तेवढंच गाणं चाचींच्या वाट्याला. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, विचारायला वेळ नाही, कारण मागचा हॉर्न वाजवतोय. मग त्या गाडी गेल्यावर एक ओळ लिहून ठेवायच्या. मी कुठलीही वही उघडली.

'तमिळ बस. सनई, पण आपल्या सनईची रागीट मोठी बहीण.'

'कोंबड्यांचा टेंपो, पहाटे. गाण्यातली बाई रडते, डायवर हसतो.'

'गोरा माणूस, भाड्याची गाडी. कोणीतरी पत्र्यावर चमचे आपटतंय. छान वाटलं.'

'पंजाबचा ट्रक. ढोल. माझा चहा सांडला.'

'अँब्युलन्स. सायरन बंद. आत गाणं नाय.'

मी वाचत गेले आणि समोरचा चहा निवत गेला.

"मग फास्टॅग आला," चाची म्हणाल्या. "काचा वर गेल्या. गाड्यांमध्ये माणसं नुसती ओठ हलवताना दिसायची. मला आधी आतल्या खोलीत बसवलं, मग काम संपलं म्हणून सांगितलं. आता घरी असते. खाली आमच्या यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं, जळालेल्या तारा नव्यानं गुंडाळायचं दुकान. दिवसभर एकच सूर, घूंऽऽऽ. अकरा वर्षं सगळ्या जगाचं ऐकलं गं, आणि आता हे."

"पण ही गाणी आहेत कुठे आपल्याकडे?"

"नायत. म्हणून तर रेडिओ पायजे."

हे उत्तर मला त्या दिवशी कळलं नाही, पण पटलं.

आमच्या समितीचे अध्यक्ष अप्पा. कर्जतमधलं जुनं घर, निवृत्त मुख्याध्यापक, वय एकोणऐंशी, इस्त्रीचा सदरा आणि खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. रात्रीचं संगीत म्हणजे त्या प्रहराचा राग, त्यापुढे चर्चा नाही, असं त्यांचं मत. चाचींच्या वह्या त्यांनी उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "'नाय' नव्हे, 'नाही'. 'डायवर' म्हणजे काय? पाणबुड्या?"

तरी त्यांनी परवानगी दिली. सोमवार आणि शुक्रवार, रात्री दहा ते बारा, तीन महिने प्रयोग. अट एकच: निवेदन लेखी हवं, आणि ते अप्पा तपासणार. तपासणार म्हणता म्हणता पहिलं निवेदन त्यांनी स्वतःच लिहिलं.

पहिल्या सोमवारी चाची माइकसमोर बसल्या. यंत्रं सांभाळायला दहिवलीचा गजा, आमचा तंत्रज्ञ, चाळिशीचा, अबोल माणूस. कमालचाचा बायकोला टेंपोतून घेऊन आले होते. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. लाल दिवा लागला. चाचींनी कागद उचलला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सुजाण श्रोतेहो, नशेच्या या नीरव प्रहरी..."

कागदावर 'निशेच्या' होतं.

गजाने कपाळावर हात मारला. चाचींनी काचेतून आमच्याकडे पाहिलं, कागद खाली ठेवला आणि माइकला म्हणाल्या, "हे आमच्या अप्पांनी लिहून दिलंय. चांगलं हाय, पण माझ्या तोंडात बसत नाय. मी नफिसा. नाक्यावर बसायचे. आमच्या भागातून जाणाऱ्यांनो, एक काम करा. काच खाली घ्या. तुमच्याकडं काय वाजतंय ते मला ऐकू दे, माझ्याकडं काय वाजतंय ते तुमी ऐका."

कार्यक्रमाला नाव नव्हतं, ते असं पडलं.

अर्ध्या तासाने पहिला फोन आला. ठाकुरवाडीहून नामा, रेल्वेचा गँगमन. "बाई, गाणं बरं हाय. पण त्याच्या मागं जे वाजतंय, घर्रर्र करून वर जातंय नि शिट्टी मारून खाली येतंय, ते वाद्य कुठलं?"

चाचींनी कान दिला. स्टुडिओचं दार नीट लागलं नव्हतं.

"तो माझा नवरा हाय," त्या म्हणाल्या.

"छान वाजवतात," नामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अप्पा तेवीस चुकांची यादी घेऊन आले. पहिली चूक अर्थातच नशेची. चाचींनी यादी शांतपणे वाचली. "अप्पा, यात ऱ्हस्व-दीर्घ पण लिहिलंय. रेडिओवर ते दिसतं काय?"

"ऐकू येतं!" अप्पा कडाडले. "मला ऐकू येतं!"

पण त्यानंतर त्यांनी निवेदन लिहून दिलं नाही.

गाणी कुठून आणायची हा खरा घोर माझा होता. बाजारातली गाणी लावायची तर हक्कांचे कागद, परवानग्या. चाचींनी तो प्रश्न एका वाक्यात मोडला. "मला ती नकोतच. लोकांना सांगू, घरात जे म्हणता ते फोनमध्ये भरून पाठवा." केंद्राचा नंबर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागदांवर लिहिला आणि जुन्या हायवेवरच्या सगळ्या ढाब्यांच्या गल्ल्याशेजारी चिकटवून आल्या. पहिल्या आठवड्यात दोन गाणी आली. एकात नुसतं कुत्रं भुंकत होतं. चाचींनी तेही लावलं आणि कुत्र्याचं नाव विचारलं. मग ओघ सुरू झाला. केरळच्या ड्रायव्हरच्या आईने मासे साफ करताना म्हटलेलं, आसामच्या एकाने रिकाम्या डब्यावर वाजवलेलं, चौकच्या शाळेतल्या मुलींचं, नामाच्या चुलत्याने फुंकलेला तारपा. एकामागून एक, कशाचा कशाला मेळ नाही. आणि तरी दोन तास ऐकलं की कुठेतरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

एक अडचण मात्र होती. आमचे निम्मे श्रोते चाकांवर. आमच्या टापूत शिरल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत ते घाटात जाणार आणि आवाज तुटणार. त्यामुळे फोन यायचे ते धापा टाकत. "आपा, जल्दी लगाओ, घाट आ रहा है!" चाचींनी त्यावर नियम केला: ज्याचा घाट जवळ, त्याचं गाणं आधी. कर्जतमधल्या घरी पांघरुणात बसून फर्माईश करणाऱ्यांना त्या सरळ सांगायच्या, "तुमी कुठं जाताय? थांबा जरा."

गेल्या वैशाखातला एक शुक्रवार. मी घरी जेवून रेडिओ लावून पडले होते. साडेदहाच्या सुमारास एक ड्रायव्हर बोलला, त्याचं गाणं लागलं. पाऊण तासाने तोच परत. "आपा, मैं अभी भी यहीं हूँ."

"का रे बाबा?"

"पता नहीं. सब यहीं हैं."

घाटात एक कंटेनर दोन लेन अडवून आडवा पडला होता आणि त्याच्यामागे पार खाली आमच्या टापूपर्यंत गाड्या साचत चालल्या होत्या. लग्नसराईचे दिवस, त्यात शुक्रवार. पावणेबाराला आमच्या फोनला उसंत राहिली नाही. गजाने मला फोन केला, "ताई, या." मी गाऊनवर ओढणी टाकून पळाले.

मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. नियमाप्रमाणे बाराला प्रसारण बंद. गजाचा हात बटणावर आणि डोळे चाचींवर. इतक्यात फोन वाजला आणि गोंधळात गजाने तो सरळ मिक्सरवर जोडला.

"बारा वाजून चार मिनिटं झाली!" अप्पांचा आवाज. "केंद्र अजून चालू कसं?"

"अप्पा," चाची घाईने म्हणाल्या, "तुमी हवेत हाय."

"मी घरात आहे!"

"तसं नाय अप्पा, तुमी रेडिओवर हाय. सगळे ऐकतायत."

तेवढ्यात दुसऱ्या लाइनीवर कोणीतरी म्हणालं, "ओ बाई, त्या आजोबांना सांगा, बंद नका करू. आमी हितं तीन हजार माणसं तरी अडकलोय. पाणी संपलंय, निदान आवाज तरी ऱ्हाऊ द्या."

अप्पांनी घसा साफ केला. "चालू ठेवा. मी येतोय. आणि 'हवेत' नव्हे, 'प्रसारणात' म्हणतात."

ते आले ते सदऱ्याची बटणं लावत, हातात पाण्याची बाटली आणि लाल पेन. स्टुडिओत तिसऱ्या स्टुलावर बसले आणि फोन घ्यायला लागले. कोण कुठे अडकलंय ते ते वहीत लिहीत आणि चाचींपुढे सरकवत. कोणाकडे लहान मूल आहे, कोणाकडे जादा पाणी आहे, कोणाची गाडी कोणाच्या मागे आहे. "पांढरी बस, शेजारी द्राक्षांचा ट्रक, द्राक्षंवाल्याने दोन पेट्या फोडल्यात, बसमधल्यांनी जाऊन घ्याव्यात." असं चाची सांगत होत्या आणि मध्ये गाणं लावत होत्या.

एक वाजता गाणी संपली.

"परत तीच लावू?" गजाने विचारलं.

"नको," चाची म्हणाल्या. "माणसं आधीच एका जागी अडकलीत. गाणं पण तेच लावलं तर रडतील."

त्यांनी पिशवीतून तिसरी वही काढली, चष्मा लावला आणि माइकला म्हणाल्या, "नाक्यावर असताना मी तुमची गाणी ऐकली, पण आठ-आठ सेकंद. आता मी म्हणते. शब्द मला ठाऊक नायत, सूर ठाऊक हाय. ज्याचं असेल त्यानं फोन करा आणि पुरं करा."

चाचींचा आवाज जाड आहे, थोडा खरखरीत. पण सूर हलत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि कोंबड्यांच्या टेंपोतलं, रडणाऱ्या बाईचं गाणं म्हटलं. आठ सेकंद. मग थांबून फोनकडे बघू लागल्या. मला वाटलं, संपलं, आता हसं होणार.

फोन वाजला. संगमनेरकडचा कांद्याचा टेंपो.

"बाई, ती रडत नाही हो! आमच्याकडं हळदीला म्हणतात ते. विहीणबाईला शिव्या आहेत त्या. पुढचं म्हणू का? पण शिव्या आहेत, आधीच सांगतो."

चाचींनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "लोकपरंपरा आहे," ते म्हणाले. "म्हणू द्या."

त्याने सगळं म्हटलं, सात कडवी. तिसऱ्यापासून त्याच्या मागे आणखी दोन-तीन आवाज लागले, बहुधा शेजारच्या गाड्यांतले. विहीणबाईच्या नाकापासून तिच्या म्हशीपर्यंत काही सुटलं नाही. अप्पांचा चेहरा गंभीर होता, पण पेनाचं टोक ताल धरत होतं. गाणं संपल्यावर चाचींनी वहीतल्या त्या ओळीपुढे अप्पांच्या लाल पेनाने खूण केली.

मग तमिळ बस. ही बस वेगळी होती, पण रागीट सनई आतल्या एका म्हाताऱ्याने ओळखली आणि वाद्य जवळ नसल्याने तोंडाने वाजवून दाखवली. दुसऱ्याने बसच्या पत्र्यावर साथ धरली. ढोलाचं गाणं तीन ट्रकवाल्यांनी मिळून पुरं केलं, मध्येमध्ये हॉर्न वाजवून. रात्री दोन वाजता नामाने ठाकुरवाडीहून कळवलं की खाली दरीतून हॉर्न तालात वाजतायत, वर सगळी वाडी उठून बसलीय, आणि आता कोणी झोपायला तयार नाय.

अडीचच्या सुमाराला एका मुलीचा फोन आला. "मी सानवी. माझं सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लोणावळ्याला लग्न आहे."

"अगं बाई! मग तुला कुठलं गाणं लावू?"

"गाणं नको. माझ्या बाबांना गाडीत बसायला सांगा. ते दोन तास प्रत्येक गाडीच्या खिडकीवर टकटक करून, कधी सुटणार, कधी सुटणार, विचारत फिरतायत. लोक आता चिडायला लागलेत. माझं ऐकत नाहीत."

"पण ते गाडीच्या बाहेर हायत, तर माझं कसं ऐकणार?"

असं म्हणता म्हणताच चाची माइकच्या अगदी जवळ गेल्या.

"आता जे ऐकतायत त्या सगळ्यांनी काचा खाली घ्या. आवाज मोठा करा. घेतल्या? हां. सानवीच्या बाबा, तुमी जिथं असाल तिथं थांबा. मी नफिसा बोलते."

फोनवर सानवी हसत हसत सांगू लागली. तिच्या गाडीच्या मागच्या, पुढच्या, पलीकडच्या रांगेतल्या सगळ्या गाड्यांतून एकच बाई बोलत होती, आणि रस्त्याच्या मधोमध तिचे बाबा हात वर करून, आवाज कुठून येतोय म्हणून गोल फिरत होते.

"घाट तुमच्या विचारण्यानं सुटणार नाय," चाची म्हणाल्या. "पोरीला भूक लागली असेल. डब्यात काय हाय?"

सानवीने फोन बाबांकडे दिला. माणूस रडवेला झाला होता. "डबा नाही हो ताई. रुखवत आहे."

"रुखवतात काय?"

"लाडू. बेसनाचे, रव्याचे. चकल्या, अनारसे. पण ते मांडायचंय उद्या, त्यांच्याकडचे लोक बघणार..."

"मांडा ना. ताटं मांडा. बघणाऱ्यांना सांगा, लाडू घाटात वाटले. आधी पोरीला द्या, मग टकटक केलीत त्या सगळ्या खिडक्यांना द्या."

पंधरा मिनिटांनी त्यांचाच फोन. "ताई, संपलं सगळं. एक पूनावाला अनारसे बघून म्हणाला, लग्नाला येऊ का?"

अप्पांना राहवलं नाही. ते माइककडे झुकले. "पूनावाला नव्हे. पुणेकर."

साडेचारला कंटेनर बाजूला झाला. गाड्या सुटायला लागल्या तसे फोनही तुटत गेले. कोणी नीट निरोप घेतला नाही. कोणी "चला बाई" म्हणाला, कोणी नुसता हॉर्न ऐकवला, एकजण गाणं म्हणता म्हणताच घाटात गेला. पाच वाजता गजाने बटण बंद केलं. कमालचाचा बाकावर होते तसेच होते. चाचींनी वहीतल्या लाल खुणा बोटाने मोजल्या.

"एकतीस पुरी झाली गं," त्या म्हणाल्या. मग ओढणीने चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि नवऱ्याला उठवायला गेल्या.

नऊला पाच मिनिटं असताना केंद्राच्या फोनवर एक फोटो आला. मुंडावळ्या बांधलेली सानवी, आणि मागे टेबलावर रुखवताची रिकामी ताटं, रांगोळी काढून, व्यवस्थित मांडलेली.

शनिवारी दुपारीच समितीची बैठक झाली. अप्पांनी ठराव स्वतः मांडला: 'काच खाली घ्या' हा कार्यक्रम कायम करावा, सोमवार ते शुक्रवार, आणि गरज पडल्यास वेळेची मर्यादा निवेदिकेने ठरवावी. इतिवृत्तात त्यांनी 'निवेदिका' शब्दाखाली रेघ मारली. कोणाचाच विरोध नव्हता.

मी बातमी द्यायला संध्याकाळी खालापुरात गेले. चाची नुकत्या उठल्या होत्या. खाली मोटार घूं करत होती, मुलगी अलफिया चहा टाकत होती. मी ठराव वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे ज्या दिवशी घाट मोकळा असेल, त्या दिवशी पण?"

"हो चाची. आठवड्याचे पाचही दिवस."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "मग मला खुर्ची बदलून दे. ती चाकांची नको. मी सुरात आले की ती मागं जाते."

सोमवारी गजाने स्टुडिओत चार पायांची लाकडी खुर्ची आणून ठेवली, आणि दहाला पाच कमी असताना चाचींनी ती माइकपुढे ओढली.